जुनी जिप्सी, लांबचा पल्ला : इंदूरहून लडाखला निघण्याआधी गाडीची तयारी

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः १३०० सीसीची मारुती जिप्सी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. महिंद्राच्या जुन्या जीप, फोर-बाय-फोर बोलेरो आणि २०१० ते २०२० मधली पहिली थार यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. प्रवास इंदूर–मनाली–लेह धरला आहे, म्हणजे एका बाजूनेच अठराशे किलोमीटरच्या आसपास. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरून गाडी थेट पाच हजारांच्या वर जाते, हे लक्षात ठेवून वाचा.

गाडी वीस वर्षांची आहे. एवढ्या लांब न्यावी का?

वयाला फार महत्त्व देऊ नका. वीस वर्षांची, पण ऑइल वेळेवर बदललेली गाडी आठ वर्षं गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, टाकीत गाळ बसतो आणि उंदीर वायरिंग खातात. नाही म्हणायचं ते एकाच कारणाने : चॅसिस. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन चॅसिसवर ठोकत जा, विशेषतः मागच्या शॅकलच्या (कमानीचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या दुव्याच्या) जागी आणि बॉडी माउंटिंगच्या आसपास. टणटण आवाज आला तर ठीक. आवाज बोदा आला आणि पापुद्रे सुटले, तर आधी चॅसिसचं काम करा आणि लडाख पुढच्या वर्षी.

तयारी किती आधी सुरू करावी?

तीन महिने. त्यातला शेवटचा महिना काहीही नवीन न बसवता नुसती गाडी चालवण्यासाठी ठेवायचा. नवा पार्ट बिघडायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या पाचशे-हजार किलोमीटरांतच बिघडतो. तो देवास बायपासवर बिघडला तर टोइंग करून संध्याकाळपर्यंत घरी येता येतं, मनाली–लेह वाटेवरच्या सरचूला बिघडला तर मुक्काम वाढतो. निघायच्या आदल्या आठवड्यात वॉटर पंप, क्लच आणि बेअरिंग एकदम बदलून ‘आता गाडी नवी झाली’ म्हणणारे मध्येच अडकतात ते याच कारणाने.

क्रम असा ठेवा : आधी गाडी खालून वाफेने किंवा प्रेशरने धुऊन घ्या, कारण चिखलाखाली गळती दिसत नाही. मग दोनशे किलोमीटर चालवा आणि गळती कुठून येते ते कोरड्या गाडीवर बघा. त्यानंतर यादी करा आणि मगच मिस्त्रीकडे जा.

इंजिन उघडायचं की नाही, हे कसं ठरवायचं?

अंदाजाने नाही, कॉम्प्रेशन मोजून. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचं कनेक्शन काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा सेकंद स्टार्टर फिरवा. बॅटरी पूर्ण चार्ज असायला हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. जिप्सीच्या १३०० सीसी इंजिनात चांगलं कॉम्प्रेशन १४ किलो प्रति चौ.सेंमी.च्या आसपास येतं. १२ ही खालची मर्यादा, आणि दोन सिलिंडरमधला फरक १ किलोपेक्षा जास्त नको. एखादं सिलिंडर कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

चारही सिलिंडर १२.५ वर सारखे असतील तर इंजिनाला हात लावू नका. एकसारखं थकलेलं इंजिन लेहला जाऊन येतं. घाईत बांधलेलं इंजिन मात्र कुठे दगा देईल ते सांगता येत नाही.

टायमिंग बेल्ट वरून चांगला दिसतो. तरीही बदलायचा का?

शेवटचा कधी बदलला याचं बिल हातात नसेल, तर बदला. रबर वरून चांगलं दिसतं आणि दात मुळाशी तडकलेले असतात. त्याच वेळी टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँक-कॅमचे पुढचे सील बदला, कारण सगळं एकाच मजुरीत होतं. सील गळत राहिला तर तेल नव्या बेल्टवर उडतं आणि तोही वर्षभरात फुगतो.

इंदूरजवळच्या मानपूरच्या घाटात गाडी तापते. नवा रेडिएटर टाकावा का?

आधी झाकण बघा. गंमत नाही, कारणच तसं आहे. मनाली–लेह वाटेवरची ‘तांगलांग ला’ ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इतका कमी की उघड्या भांड्यातलं पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. जिप्सीचा थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो. म्हणजे रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल तर थर्मोस्टॅट धड उघडायच्या आतच कूलंट उकळून बाहेर येतो. ०.९ किलो प्रति चौ.सेंमी. दाबाचं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी तिथेही शंभराच्या वरपर्यंत टिकतं. काही रुपयांच्या झाकणावर लेहची वाट अडते, आणि लोक मात्र रेडिएटर बदलतात. झाकणाचं रबर कडक झालं असेल, स्प्रिंग सैल असेल किंवा गळ्याची कड चेपली असेल, तर काम तिथूनच सुरू करा.

थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्यभागी लोंबकळत ठेवा, बुडाला टेकू देऊ नका, आणि शेजारी तापमापक धरा. गॅस मंद ठेवा. अंगावर कोरलेल्या तापमानाला तो जरासा हलतो, आणि पुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. इंदुरात पाणी ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे उकळी येईपर्यंत तो पूर्ण उघडलेला दिसलाच पाहिजे. उकळत्या पाण्यातही अर्धाच उघडत असेल तर कचऱ्यात टाका. आणि थर्मोस्टॅट ‘काढूनच टाकू’ असं मिस्त्री म्हणाला तर ऐकू नका. उन्हाळ्यात इंदुरात निभावतं, पण वरच्या थंडीत इंजिन कधी गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि हीटरही चालत नाही.

मग रेडिएटर. जुना पितळी असेल तर वरची टाकी वितळवून काढून नळ्यांतून सळई फिरवून घेता येते. ॲल्युमिनियमचा असेल तर हे जमत नाही, थेट नवा घ्या. बाहेरच्या जाळीत माळव्याची काळी माती आणि गव्हाचा भुसा अडकतो. पाण्याचा फवारा नेहमी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारलात तर कचरा आणखी आत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. या प्रमाणात ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. नळाचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, बोरवेलचं तर त्याहून लवकर.

फॅनचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापल्यावर पंखा पकडणारा जोड) तपासायचा तर गरम इंजिन बंद करून लगेच पंखा बोटाने फिरवा. अडखळत फिरला तर ठीक. भिंगरीसारखा गरगरला तर क्लच गेला.

उंचावर गाडी दम का तोडते? काही बिघडलेलं असतं का?

पाच हजार मीटरच्या वर इंजिनाला मिळणारी हवा इंदूरच्या मानाने निम्म्याहून जराच जास्त असते, ताकदही त्याच मानाने उतरते. चांगली गाडीही तिसऱ्या गिअरचा चढ दुसऱ्यात चढते. तो बिघाड नव्हे.

साधारण २००० नंतरच्या इंजेक्शनवाल्या जिप्सीत मॅप सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करतो. त्याची व्हॅक्यूमची नळी फाटलेली नसली की झालं. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मात्र वर गेल्यावर मिश्रण गाढं होतं, प्लग काळे पडतात, गाडी खुडखुडते. एक नंबर लहान मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छोटी तोटी) बरोबर ठेवा आणि तो बदलायची सवय घरीच करून घ्या. थंड वाऱ्यात बोटं बधिर झाल्यावर जेट हातातून सुटला तर दगडांत सापडत नाही, म्हणून कार्ब्युरेटरखाली आधी फडकं पसरा. कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक त्रास : पंप ते कार्ब्युरेटरमधली नळी सायलेन्सरजवळून जात असेल तर पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. कमी दाबात हे लवकर होतं. नळीवर उष्णतारोधक कापड गुंडाळा. वाटेत असं झालंच तर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबा.

यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल महिंद्रात पंप खाली द्यायचा तेवढंच डिझेल वरही देतो आणि हवा मात्र अपुरी पडते, म्हणून काळा धूर येतो. ॲक्सिलरेटर अर्ध्यावर ठेवा. पूर्ण दाबल्याने फक्त धूर वाढतो. जून ते सप्टेंबरात डिझेल गोठायची भीती नाही. उशिरा जाणार असाल तर २०१९ पासून लडाखमध्ये मिळणारं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथेच भरा. खालून भरून नेलेल्या डिझेलवर विसंबू नका.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं ऑइल किती आणि कोणतं?

जिप्सीत गिअरबॉक्सला १.३ लिटर, ट्रान्सफर केसला (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या डब्याला) ०.८, पुढच्या डिफरन्शिअलला २ आणि मागच्याला १.५ लिटर असा हिशेब धरा. एकूण साडेपाच-सहा लिटर. भरण्याच्या भोकातून ऑइल ओघळायला लागलं की पुरे. डिफरन्शिअलला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ बरं, जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला सोसत नाहीत.

एक नियम लक्षात ठेवा : भरायचा बोल्ट आधी सोडा, निचऱ्याचा नंतर. वीस वर्षांत वरचा बोल्ट जाम होतो. खालचं ऑइल काढून टाकल्यावर हे कळलं तर गाडी तिथेच उभी राहते.

जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात घ्या आणि दोन बोटांत चोळा. चुंबकावर करडी, मऊ लुगदी हे वयाचं लक्षण आहे, चालेल. टोचणारी कपची निघाली तर उघडून बघा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि ते बहुधा ब्रीदरमधून.

ब्रीदर म्हणजे ॲक्सलवरचं छोटं टोपण, तिकडे कुणी बघत नाही. घाट चढून ॲक्सल तापतो आणि गाडी थेट बर्फाच्या पाण्याच्या नाल्यात उतरते. आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ही हवा सीलच्या कडेने, पाण्यासकट, आत येते. उपाय स्वस्त आहे : दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरांना रबरी नळ्या जोडा, त्या बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या भागापर्यंत आणा आणि तोंडाला छोटे पेट्रोल फिल्टर लावा. महागड्या स्नॉर्केलपेक्षा (इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीपेक्षा) हे जास्त उपयोगी पडतं.

पुढची चाकं खरोखर ओढतात का, हे इंदुरात कसं तपासायचं?

सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला. पुढचे हब (चाक ॲक्सलशी जोडणाऱ्या कड्या) लॉक, लिव्हर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग), इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरात. आता उचललेलं चाक हाताने फिरवा. ते जागचं हलता कामा नये (जराशी ढिलाई असतेच). मोकळं फिरलं तर दोहोंपैकी एखाद्या बाजूचा हब लागत नाही किंवा आत काहीतरी तुटलंय. मग दुसऱ्या बाजूला हीच चाचणी. काही जिप्सींत हब हाताने फिरवायचे असतात, काहींत नळीतल्या हवेवर लागतात. नळीवाल्या हबमध्ये एकच नळी तडकली की एकच बाजू लागते, आणि ते डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षं कळत नाही.

हे झाल्यावर पहिल्या पावसानंतर एखाद्या शेतरस्त्याच्या काळ्या मातीत फोर-एच, फोर-एल (संथ, जास्त ओढीचा) दोन्ही लावून बघा. कोरड्या डांबरावर मात्र फोर-बाय-फोर लावून वळू नका. पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शिअल नाही, शाफ्ट पिळले जातात, लिव्हर अडकतो, आणि मग लोक हातोडा शोधतात.

शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटना, ग्रीस मारताना चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबायचं. एका टोपीतून आलं नाही तर तो क्रॉस सुकलेला आहे. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पंचने खूण करा. सरकता जोड एक दात चुकला तरी पन्नासच्या वर गाडी गुरगुरते.

साठच्या आसपास स्टीअरिंग जोरात थरथरतं. डॅम्पर बदलू का?

सगळ्यांत शेवटी. डॅम्पर, म्हणजे स्टीअरिंगचा शॉकअब्सॉर्बर, थरथर झाकतो, घालवत नाही. आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि वाकलेली रिम, मग टाय रॉडची टोकं, मग किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ).

किंगपिन आणि चाकाचं बेअरिंग यांतली गफलत नेहमी होते. पुढचं चाक उचला, टायर वर-खाली, म्हणजे बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन. किंगपिनच्या बेअरिंगखालचे पातळ शिम कमी करून बसक घट्ट करता येते. पण बेअरिंगच्या वाटीत रोलरचे खड्डे पडले असतील तर चारही बेअरिंग बदलायचे.

याच कामात पुढच्या ॲक्सलच्या गोळ्याकडे (किंगपिनजवळच्या गोल टोकाकडे) बघा. त्यावर ग्रीसचा पातळ लेप असावा. पातळ, वाहणारं, गंधकासारख्या वासाचं तेल दिसलं तर डिफरन्शिअलचं ऑइल आतला सील ओलांडून आलंय. ते ग्रीस धुऊन काढतं आणि बेअरिंग कोरडे पडतात. नुसतं बाहेरचं वायसर (गोळा पुसणारी कडी) बदलून हे थांबत नाही.

२०१० ते २०२० मधल्या सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल) थारची पुढची बाजू वेगळी, कमानीऐवजी टॉर्शन बारवर (पिळल्या जाणाऱ्या सळईवर) आहे. तिथे बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंटची रबरी बूट बघा. बूट फाटून आठवडे झाले असतील तर आत वाळू गेलीच समजा.

कमानींचं काय? एक जादा पाटा (कमानीतली पट्टी) घालावा का?

आधी सामानासकट गाडीचं वजन करा. देवास नाक्याकडे ट्रकवाल्यांचे धर्मकाटे आहेत, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा चढवून मोजता येतो. वीस लिटर पेट्रोल साधारण १५ किलो, वीस लिटर पाणी २० किलो, दुसरं स्पेअर चाक २० ते २५ किलो, हत्यारं आणि पार्ट सहज तीस. वर लोखंडी कॅरिअर आणि तंबू. जिप्सी हलकी गाडी आहे, आणि या यादीने तिची ताकद आणि कमानी दोन्ही खाल्ल्या जातात. गाडीच्या कागदावरचा एकूण वजनाचा आकडा ओलांडत असाल तर पाटा वाढवू नका, सामान कमी करा.

पूर्ण भारावर ॲक्सल आणि बंप स्टॉप (धक्का झेलणारा रबरी ठोकळा) यांच्यात दोन बोटांपेक्षा कमी जागा उरत असेल तर कमानी बसल्या आहेत. ट्रान्सपोर्टनगरात कमानी पुन्हा कमान देऊन मिळतात. तो उपाय तात्पुरता, सहा महिन्यांत पुन्हा बसतात. लांबच्या प्रवासाला नवा संच घ्यावा.

तुटतं ते बहुधा पाट्यापेक्षा मधला सेंटर बोल्ट. तो तुटला की ॲक्सल पुढेमागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. आणि तो तुटतो कशामुळे? कमान ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सैल झाल्यामुळे. नवे पाटे बसवल्यावर ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसा, आडव्या-तिडव्या क्रमाने, गाडी चाकांवर उभी असताना. पुढे रोज संध्याकाळी हात लावून बघा. दोन यू-बोल्ट आणि दोन सेंटर बोल्ट बरोबर हवेतच.

ब्रेक इंदुरात झकास लागतात. तरी काम करायचं?

हो, दोन कारणांनी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ दर्जाचं ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी धरलेलं १५५ पर्यंत उतरतं. लांब उतारावर ते उकळलं की पेडल थेट पाटीला टेकतं. दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला, लांबच्या चाकापासून सुरू करून, नळीतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतो. वर तो दाबच निम्म्यावर येतो, म्हणून पेडल कडक लागतं. घाबरू नका, पाय जास्त जोर लावून दाबा आणि चढताना लागलेल्या गिअरातच उतरा. पण इंदुरातच बूस्टरची नळी सैल असेल तर वर काहीच मदत उरणार नाही. इंजिन बंद करून पेडल चार वेळा दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल जरासं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे.

टायर : किती जुने चालतील, हवा किती ठेवायची?

कडेवरचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे नेऊ नका, नक्षी कितीही उरलेली असो.

वर गेल्यावर टायर फुगून फुटतात म्हणून हवा काढावी, हा समज पुरा खरा नाही. बाहेरचा दाब घटल्याने इंदूर ते तांगलांग ला गेजवर सहा पीएसआय वाढ दिसायला हवी, पण तीसेक अंशांच्या थंडीने चारेक पीएसआय परत जातात. निव्वळ फरक दोनच्या आसपास. सकाळी थंड टायरवर मोजा आणि दिसेल तेवढाच फरक ठीक करा. वाळूत रुतलात तर १५ ते १८ पर्यंत उतरवा, बाहेर येताच भरा. त्यासाठी कॉम्प्रेसर हवा, आणि तो बॅटरीला थेट जोडणारा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे फ्यूज उडवतात. ट्यूबलेस असले तरी त्याच मापाची एक ट्यूब ठेवा. खडकावर रिमची कड चेपली की ट्यूबच कामाला येते.

पेट्रोल बरोबर किती न्यावं?

मनाली–लेह वाटेवरच्या तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. हिशेब तिनेच करा. जिप्सीची टाकी ४० लिटरची. भरलेली गाडी, चढ आणि फोर-एल धरून ८ चा ॲव्हरेज घेतला तर ४६ लिटर लागतात. म्हणजे २० लिटरचा एक लोखंडी जेरीकॅन पुरतो. स्वतःच्या वापरासाठी तीस लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला कायद्याने परवाना लागत नाही. पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये नको. जेरीकॅन काठोकाठ भरू नका आणि वर उघडताना झाकण हळू सोडा. आत वाफ कोंडलेली असते, फवारा थेट तोंडावर येतो. कॅन टपावर ठेवू नका.

वायरिंगमध्ये नेमकं काय बघायचं?

मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट. स्टार्टर फिरताना १० च्या खाली नको. इंजिन चालू, हेडलाइट चालू असताना १३.८ ते १४.४. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून स्टार्टर फिरवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची पट्टी गंजलेली आहे. जुन्या गाडीत निम्मे ‘स्टार्टर गेला’ हे याच पट्टीचे प्रताप असतात. सॅंडपेपरने घासा, व्हॅसलीन लावा, एक जादा पट्टी जोडा. मागच्या मालकाने टेप लावून जोडलेल्या म्युझिक सिस्टिम आणि हॉर्नच्या तारा उपटून टाका.

विंच, लिफ्ट किट, स्नॉर्केल?

नाही, नको, गरज नाही. वरची सगळी कामं होऊन पैसे उरले तर चांगला टो-रोप, तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या), एक फावडं आणि जाड लाकडी फळी घ्या. फळी जॅकखाली ठेवायला. वाळूत जॅक नुसता खाली जातो.

बरोबर कोणते पार्ट न्यावेत?

जे हलके आहेत, बसवता येतात आणि वाटेत मिळत नाहीत ते. फॅन बेल्ट, वरचा-खालचा रेडिएटर होज, झाकण, थर्मोस्टॅट, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, एक क्रॉस, पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा संच सीलसकट, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, प्लग, फ्यूज, रिले, व्हील नट, ब्रेक ऑइल, दोन लिटर इंजिन ऑइल, दोन लिटर गिअर ऑइल. इंजेक्शनच्या गाडीला टाकीतला पेट्रोल पंप, कारण तो गेला की ढकलूनही गाडी चालत नाही. शिवाय एम-सील, जाड बांधायची तार, होज क्लिपा.

पाने : जिप्सीला १०, १२, १४, १७, १९ मिलिमीटरचे पुरतात. जुन्या महिंद्रा जीपला इंचाचे, म्हणजे अर्धा, नऊ-सोळांश, पाच-अष्टमांश असे लागतात, आणि काहींत मधल्या मालकांनी दोन्ही मिसळून ठेवलेले असतात. घरी प्रत्येक पाना एकदा लावून बघा. हब नटचा मोठा सॉकेट विसरू नका. तो वाटेत कुणाकडेच नसतो.

पार्टचा डबा फोडून माप जुळवूनच घ्या. बनावट बेअरिंग आणि सील खोक्यावरून ओळखू येत नाहीत. अक्षरं कोरलेली आहेत की नुसती छापलेली, बेअरिंग फिरवल्यावर खरखर येते का, हे दुकानात उभं राहून बघा. काढलेला पण चालू असलेला जुना पार्ट टाकून देऊ नका. तोच सर्वांत भरवशाचा स्पेअर.

मिस्त्री ‘भिया, हो जाएगा’ म्हणतो. काम नीट झालं हे कसं कळणार?

काम चालू असताना तिथे उभं राहा आणि कसलेल्या प्रत्येक बोल्टवर पेंटने रेघ मारून घ्या, बोल्टपासून खालच्या धातूपर्यंत एकसंध. पुढे रोज सकाळी टॉर्च मारली की तुटलेली रेघ लगेच दिसते, म्हणजे बोल्ट फिरला. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

चाचणी फेरी कुठे करावी?

पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक आहे, पण तिथे आपल्याला कुणी सोडणार नाही. आपला ट्रॅक असा : इंदूर–महू–जामगेट–मंडलेश्वर–महेश्वर, परत धामनोदवरून मानपूर घाट चढून इंदूर. दीडशे-दोनशे किलोमीटर. जामगेटचा उतार ब्रेकसाठी, मानपूरचा चढ तापमानासाठी. पूर्ण सामान भरून, मे महिन्याच्या दुपारी, दोन वेळा.

जामगेट उतरल्यावर आणि महेश्वरला थांबल्यावर चारही हबवर हाताची मागची बाजू टेकवा. कोमट चालेल. एकच हब बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर तिथलं बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटतोय. दोन्ही डिफरन्शिअलांनाही असाच हात लावा. रात्री गाडीखाली पुठ्ठे पसरा. सकाळी कोणत्या पुठ्ठ्यावर कोणत्या रंगाचा डाग ते बघा : हिरवा किंवा गुलाबी कूलंट, काळं इंजिन ऑइल, उग्र वासाचं गिअर ऑइल, पाण्यासारखं पातळ पण निसरडं ते ब्रेक ऑइल. शेवटचं दिसलं तर गाडी हलवू नका.

कागदपत्रांचं?

पंधरा वर्षांनंतरची नोंदणी नूतनीकरण झालेली हवी, विमा आणि पीयूसी चालू हवेत. दिल्ली परिसरातले जुन्या गाड्यांचे नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात बघा. जयपूर–सीकर–हिसारवरून दिल्ली टाळून अंबाल्याला जाता येतं.

नाल्यात पाणी चढून इंजिन बंद पडलं तर?

पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो कोरडा असेल तर बहुधा इग्निशन भिजलंय, पुसून सुकवा. ओला असेल तर चारही प्लग काढा, इग्निशनचं कनेक्शन काढा आणि भोकांतून पाण्याचा फवारा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा, भोकांसमोर न वाकता. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, कोरडे प्लग लावा, मग सुरू करा. डिपस्टिकवर दुधाळ दिसलं तर इंजिन सुरूच करू नका, आधी ऑइल बदला. वर दिलेले दोन लिटर या कामाला अपुरे आहेत, म्हणून पावसाळ्यात जाणार असाल तर चार लिटर ठेवा. लेहकडचे नाले दुपारी बर्फ वितळल्यावर चढतात, पहाटे उतरलेले असतात. पहिल्यांदा पायी उतरून, काठी टेकत खोली बघा. गुडघ्याच्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.